डुबकीची ऊब

भट्टी हळूहळू मंदावायचा ठराव झाला, तेव्हा यशोधरा ओहोळला वाटलं की आपण जिंकलो.

जागतिक समितीची बैठक दिवसभर चालली होती. पडद्यावर निरनिराळ्या देशांचे सदस्य होते आणि या टोकाला, बीडजवळ मांजरसुंब्याच्या माळावरच्या श्रवण केंद्रात, यशोधरा आणि केंद्राच्या संचालक इंदुमती सरनाईक बसल्या होत्या. समितीपुढे दोन मार्ग होते. भट्टी एकदम विझवायची, किंवा महिनोन्‌महिने थोडीथोडी उतरवत न्यायची. एकदम विझवण्याकडेच बहुतेकांचा कल होता. यशोधरा उठून बोलायला लागली आणि बोलतच राहिली. थंडीत झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण असं हिसकावून घेतात का, असं तिने शेवटी विचारलं. मग मतं बदलली.

"तुझ्यामुळे झालं हे," सरनाईक मॅडम बाहेर पडताना म्हणाल्या. "मला तर झटक्यात विझवणंच बरं वाटत होतं. पण तू त्यांना ओळखतेस."

ते खरंच होतं. त्यांना तिच्याइतकं ओळखणारं पृथ्वीवर दुसरं कुणी नव्हतं.

ते म्हणजे युरोपावरचे. युरोपा हा गुरूचा उपग्रह. वरून पाहिलं तर बर्फाचा पांढरा, भेगाळलेला गोळा. पण त्या कित्येक किलोमीटर जाड बर्फाखाली आपल्या सगळ्या समुद्रांहून मोठा समुद्र आहे, हे जुन्या यानांनीच ओळखलं होतं. तिथे उतरायचं तर बर्फ वितळवत जावं लागणार, म्हणून एका लांबट यंत्रात छोटी अणुभट्टी बसवून ते पाठवलं गेलं. त्याचं अधिकृत नाव लांबलचक होतं. केंद्रात सगळे त्याला डुबकी म्हणत. डुबकी बर्फ वितळवत खाली खाली गेली, मागची वाट पुन्हा गोठत गेली, आणि शेवटी बर्फाच्या तळाला पोचून ती तिथेच अडकली. शेंडा बर्फात रुतलेला, बूड पाण्यात लोंबकळणारं. ना पुढे जाता येत होतं ना मागे. पण तिचे कान शाबूत होते, आणि त्या कानांवर पहिल्याच आठवड्यात ठकठक आली.

बर्फाच्या त्या छताला खालून चिकटून कुणीतरी राहत होतं. कॅमेऱ्यात दिसायचं ते नुसतं धूसर, चुण्या पडलेल्या घडीसारखं काहीतरी. मात्र त्यांना कठीण चोच होती आणि चोचीने बर्फावर ठोकून ते एकमेकांशी बोलत. त्या ठोक्यांना ताल होता, उलटप्रश्न होते, लहानांना रागावणं होतं. वर्तमानपत्रांनी त्यांना भारदस्त नावं दिली. यशोधरा त्यांना मंडळी म्हणायची. "मंडळी आज गप्प आहेत," "मंडळींचं आज काहीतरी बिनसलंय," असं. पुढे सगळं केंद्रच तसं म्हणायला लागलं.

मंडळी सापडली आणि वर्षभरातच करार झाला. ऐकायचं, पाहायचं, पण त्यांच्या जगण्यात ढवळाढवळ करायची नाही. बर्फाची जाडी मोजण्यासाठी डुबकीला एक छोटी हातोडी होती, ती कुलूपबंद झाली. ती वाजवायची तर दोन जणांची परवानगी एकाच वेळी यंत्रात भरावी लागे. एक मुख्य श्रोत्याची, म्हणजे यशोधराची, आणि दुसरी भट्टी सांभाळणाऱ्या एझरा पेणकरची. एझरा मूळचा पेणजवळचा. कमी बोलणारा आणि हाताखालच्या यंत्राला माणसासारखं जपणारा.

सहा वर्षं यशोधरा ऐकत राहिली आणि मंडळींची भाषा तिला थोडी थोडी उलगडत गेली. समुद्राच्या तळातून काही ठिकाणी गरम पाणी वर येतं. कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात, म्हणून केंद्रातही तोच शब्द रुळला. मंडळी उन्हाळ्यांभोवती राहत. तिथे वाढणारा शेवाळासारखा थर खात. आणि आपण त्यांना जराही धक्का लावलेला नाही, असं सगळे जण सहा वर्षं मानत आले.

ते खोटं निघालं. भट्टीच्या ऊबेने डुबकीभोवतीचा बर्फ सतत वितळत होता, त्यात अडकलेला प्राणवायू पाण्यात मिसळत होता, आणि त्यावर शेवाळ माजलं होतं. डुबकी म्हणजे मंडळींच्या दृष्टीने एक नवं, सुखाचं उन्हाळं होतं. आधी दोन-चार जण आले. मग टोळ्या आल्या. मग जुनी उन्हाळी रिकामी पडू लागली आणि इथे पिल्लं जन्मू लागली. भट्टीचं इंधन फार तर आणखी दहा वर्षं पुरणार होतं.

"आज हजार आहेत, दहा वर्षांनी दहा हजार असतील, आणि त्या दिवशी भट्टी आपोआप विझेल," समितीचं म्हणणं होतं. "आपण आत्ताच मागे हटलो तर ते अजून परत जाऊ शकतील. जुनी उन्हाळी अजून गरम आहेत."

यात खोट काढायला यशोधराला जागा दिसली नव्हती. तिने फक्त वेळ मागून घेतला होता.

*

त्या रविवारी ती अंबाजोगाईला वडिलांकडे गेली. अण्णा, म्हणजे प्राध्यापक दिगंबर ओहोळ, आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. कराराच्या मराठी भाषांतराचं काम ज्या तिघांकडे आलं होतं, त्यांतले ते एक होते. पहिल्या मसुद्यात कुणीतरी त्याला 'अस्पर्श करार' असं नाव दिलं होतं. अण्णांनी तो शब्द खोडला होता. या भाषेत हा शब्द पुन्हा कामाला लावायचा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मग 'अलिप्तता करार' असं नाव ठरलं.

"म्हणजे आता ऊब काढून घेणार तुम्ही," तिचं सगळं ऐकून घेतल्यावर अण्णा म्हणाले.

"हळूहळू, अण्णा. त्यांना कळेल. थंडी वाढली की जातील परत."

"सांगणार नाही त्यांना?"

"करार आहे ना. तुम्हीच लिहिलाय मराठीत."

अण्णांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "लिहिला, कारण पटला. आपल्या लोकांनी दोन्ही पाहिलंय, यशू. लांबून बघणारे पाहिले, त्यांच्या अंगाला आपली सावलीही चालत नव्हती. आणि आमचं भलं करायचंय म्हणत घरात शिरणारेही पाहिले. कुठल्याच प्रकारच्या माणसाने आधी आपल्याला विचारलं नव्हतं."

"मग विचारायचं तरी कसं? बोलायचंच नाही म्हटल्यावर?"

अण्णांनी कप उचलून आत नेला. मुलगी निघाली तेव्हा ते दारापर्यंत आले, पण नेहमीसारखं "सांभाळून जा" म्हणाले नाहीत.

*

भट्टी उतरायला लागली. एझरा आठवड्याला एक पायरी खाली आणायचा. आज्ञा इथून निघाली की तिला युरोपावर पोचायला पाऊण तास, आणि तिथला परिणाम इथे ऐकू यायला आणखी पाऊण. तेवढा वेळ दोघं बसून असत.

पहिला महिना मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महिन्यात बोलणं बदललं. 'थंड' हा ठोका वारंवार यायला लागला. शेवाळ विरळ झालं, गोठत येणाऱ्या बर्फाने गरम पाण्याचा खळगा लहान केला. यशोधरा वाट पाहत होती, आता एखादी टोळी निघेल, मग दुसरी. कुणीच निघालं नाही. उलट ती सगळी डुबकीच्या आणखी जवळ सरकली. पिल्लांना त्यांनी डुबकीच्या अंगालाच चिकटवलं, त्याबाहेर तरणी, सगळ्यांत बाहेर म्हातारी. डुबकीच्या कानांत आता चोचींचे ठोके थेट तिच्या कवचावर वाजत होते.

"ऐक," यशोधराने एझराला कानयंत्र दिलं. "ती तिला विचारताहेत."

"कुणाला?"

"डुबकीला. 'तू आजारी आहेस का?' असं."

एझराने कानयंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर माळावर पवनचक्क्या फिरत होत्या.

तिसऱ्या महिन्यात बाहेरच्या कड्यावरची म्हातारी मंडळी मरायला लागली.

यशोधराने समितीला कळवलं, एकदा बोलू द्या. एकच वाक्य. समितीचं उत्तर आलं की आपली सहानुभूती आहे, पण एकदा बोललो की आपण त्यांच्या इतिहासात शिरलो, आणि मग बाहेर पडायची वाट राहत नाही. भट्टी पुन्हा वाढवायची का, यावर चर्चा सुरू असल्याचंही त्यात होतं. ती चर्चा आठवडाभर सुरूच राहिली.

एका सकाळी ती एझराच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"हातोडी उघडायची आहे," ती म्हणाली.

एझराने खुर्ची तिच्याकडे वळवली. "नोकरी जाईल. तुरुंगही होऊ शकतो."

"माहीत आहे."

"काय सांगणार आहेस?"

"त्यांचा एक ठोका आहे. दोन सावकाश, तीन घाईचे. एका उन्हाळ्याकडून दुसऱ्याकडे निघताना वाजवतात. मी त्याचा अर्थ 'चला' असा लावलाय. त्याच्यापुढे जुन्या उन्हाळ्याचं नाव जोडायचं. बस."

"बरोबर असेल ना?"

"शंभरदा ऐकलंय मी."

एझराने मान डोलावली. "तीन महिने मीच विझवतोय तिला," तो म्हणाला. "कुणीतरी त्यांच्याशी बोललं तर बरंच होईल." आणि त्याने आपली परवानगी भरली.

दुपारी हातोडीचे ठोके गेले. पाऊण तास गेला. आणखी पाऊण तास गेला. आणि मग डुबकीच्या कानांवर जे आलं, ते यशोधराने सहा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. काहीच नाही. एकही ठोका नाही. सगळा समुद्र एकाच क्षणी गप्प झाला होता.

त्या शांततेनंतर एका चोचीने तेच वाक्य परत वाजवलं. मग दुसरीने. मग हजार चोचींनी एकदम. यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं. कळलं त्यांना, ती म्हणाली, एझरा, कळलं त्यांना.

*

पण कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशीही ते तेच वाजवत होते आणि जागचे हलत नव्हते. तिसऱ्या दिवशी लांबून नवे आवाज यायला लागले. ज्या उन्हाळ्यांवर अजून मंडळी टिकून होती, तिथूनही टोळ्या निघाल्या होत्या, आणि त्या येत होत्या इकडे, डुबकीकडे. ऊबदार वस्तू बोलली, ही बातमी ठोक्याठोक्याने बर्फाच्या छतावरून पसरली होती.

यशोधरा जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसली. 'चला' जिथे जिथे आलं होतं, ते प्रत्येक ठिकाण तिने काढलं. तो ठोका वाजवणारा दर वेळी स्वतः निघत असे. आवाज आधी जवळून येई, मग पुढून, मग आणखी पुढून, आणि बाकीचे त्याच्या मागे. तिला हे आधी कळायला काहीच हरकत नव्हती. तिच्या स्वतःच्या भाषेतही 'चला' म्हणणारा घरात बसून राहत नाही. तो चपला घालून पुढे होतो.

मंडळी डुबकी पुढे व्हायची वाट बघत होती.

आणि डुबकी बर्फात रुतून बसली होती.

ही गोष्ट दडवण्यासारखी नव्हती. तिने स्वतःच सरनाईक मॅडमना सांगितली. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि समितीला बोलावलं. तीच समिती, जी एका वाक्याला परवानगी देत नव्हती, आता यशोधराला विनवत होती. काहीही बोला. कुठलाही शब्द वापरा. त्यांना जायला सांगा.

"'जा' असा शब्द त्यांच्याकडे नाही," यशोधरा म्हणाली.

"म्हणजे? भांडत असतील. हाकलत असतील कुणाला तरी."

"भांडतात. पण हाकललेलं मी कधी ऐकलं नाही. पाण्यात एकटं सुटलेलं कुणीच जगत नाही तिथे. 'ये' आहे, 'चला' आहे, 'जवळ सरक' आहे. 'जा' नाही."



मग भट्टी पुन्हा वाढवायची आज्ञा गेली. पण आत सळया घुसवून भट्टी मंदावायचं काम साध्या स्प्रिंगवर होतं, आणि त्या बाहेर ओढून ती चढवायचं काम मोटरवर. तीन महिन्यांच्या थंडाव्यात मोटर जाम झाली होती. एझराने जमेल ते सगळं करून पाहिलं. दोन दिवस तो घरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी तो येऊन एवढंच म्हणाला, "नाही वळत ती."

*

पुढचे आठवडे केंद्रात नुसतं ऐकण्याचंच काम उरलं. यशोधराला पदावरून काढल्याचं पत्र आलं होतं, पण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून चौकशी होईपर्यंत तिने ऐकावं, असंही त्यात होतं. अंबाजोगाईहून अण्णा येऊन तिच्याबरोबर राहिले. ते रोज डबा घेऊन केंद्रावर येत आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. तिने जे केलं त्याबद्दल ते एकदाही बरं किंवा वाईट बोलले नाहीत.

मंडळी मरत होती. बाहेरून आतल्या बाजूला. कुणी मेलं की भोवतालचे सगळे चोच आडवी करून बर्फावर एक लांब ओरखडा ओढत. तो आवाज आता दिवसभर येत असे. अण्णांनी एकदा विचारलं, "हे काय करताहेत?"

"गेल्याचं सांगतात."

"आणि मग?"

"मग सरकतात. त्या जागेपासून लांब जातात. मला वाटायचं, मेलेल्याला जागा करून देतात."

हे बोलता बोलता ती थांबली. तिने कानयंत्र काढून हातात घेतलं.

"यशू?"

"मेलेल्याला सोडून जातात," ती म्हणाली. "फक्त मेलेल्याला."

ती धावत एझराकडे गेली. मोटर जाम असली तरी स्प्रिंग चालत होती. भट्टी चढवता येत नव्हती, पण पूर्ण विझवता येत होती. सरनाईक मॅडमनी समितीला विचारलं नाही. "करा," एवढंच म्हणाल्या.

एझराने सळया खाली सोडल्या. उरलेली धग विरायला काही दिवस गेले. कवच गार पडत गेलं तसे डुबकीच्या अंगावरचे ठोके वाढले. तू आजारी आहेस का. तू आजारी आहेस का. मग तेही कमी झाले. आणि एका दुपारी, यशोधरा, अण्णा आणि एझरा तिघंही ऐकत असताना, कवचावरून चोचीचा एक लांब ओरखडा गेला.

मग दुसरा. मग आणखी काही. फार नव्हते. हजारांतले आता फार उरलेच नव्हते.

त्यानंतर थोड्या अंतरावरून दोन सावकाश आणि तीन घाईचे ठोके आले. त्यांच्या पुढे जुन्या उन्हाळ्याचं नाव. मग तेच ठोके जरा लांबून. मग आणखी लांबून, पुसट. सुरुवातीलाच, अंगात ताकद असताना, पिल्लं धट्टीकट्टी असताना, शेवाळावर पोसलेली असताना हे झालं असतं, तर सगळे निघाले असते. समितीतल्या बहुतेकांना हवी होती तशी भट्टी एकदम विझली असती, तर. यशोधराने पांघरुणाबद्दल बोलून ते थांबवलं होतं.

 अण्णांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बॅटरीवर चालणारे कान संध्याकाळपर्यंत टिकले. शेवटचा ठोका कुठला आणि बर्फाची कुरकुर कुठली, हे शेवटी यशोधरालाही सांगता येईना. जुनं उन्हाळं कित्येक दिवसांच्या वाटेवर होतं. निघालेले तिथे पोचले की वाटेतच थकून सुटले, हे ऐकायला तिथे कुणाचा कान नव्हता.

चौकशी झाली. एझराला निलंबित केलं. यशोधरावर खटला भरायचा की नाही, यावर समितीत मतभेद राहिले आणि शेवटी तो विषयच मागे पडला. पुढच्या वर्षी समितीपुढे नवा ठराव आला. युरोपावर पुन्हा कुठलंही यंत्र पाठवायचं नाही. मंडळी जगली का, हे पाहायलासुद्धा नाही. मत देण्याआधी सदस्यांना एकाच व्यक्तीचं ऐकायचं होतं.

यशोधरा पडद्यापुढे येऊन बसली. केस विस्कटलेले होते, आवाज बसला होता. अध्यक्षांनी विचारलं, "त्यांचं काय झालं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं नाही का?"

"रोज," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून."

"मग पाठवावं असं तुमचं मत आहे?"

यशोधराने मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "कुणीही जाऊ नका."